भावाच्या टीबीसाठी बार्बाडोसला गेलेला जॉर्ज वॉशिंग्टन तिथून देवी घेऊन आला, आणि पुढे त्यामुळेच त्याचं सैन्य वाचलं

२९ जून २०२४ पासून बार्बाडोस हे नाव आपल्याकडे पोरासोरांना पाठ झालंय. केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने साऊथ आफ्रिकेला ७ रन्सनी हरवलं, रोहितने पिचवरची माती तोंडात टाकली आणि मग बेरिल चक्रीवादळामुळे अख्खी टीम तिथेच अडकून पडली. निळा समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडं. बार्बाडोस म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं.

पण याच ब्रिजटाऊन शहराच्या कडेला, समुद्राजवळ एक जुनं घर आहे. साधारण पावणेतीनशे वर्षांपूर्वी तिथे १९ वर्षांचा एक पोरगा भाड्याने राहिला होता. नाव जॉर्ज वॉशिंग्टन.

हो, एक डॉलरच्या नोटेवरचा तोच. अमेरिकेचा हा पहिला राष्ट्राध्यक्ष आजच्या अमेरिकेबाहेर आयुष्यात फक्त एकदा गेला, ते इथे. आणि तेही मजा करायला नाही.

तर झालं असं की,

जॉर्जचा जन्म १७३२ चा, व्हर्जिनियातल्या जमीनदार घरातला. तो ११ वर्षांचा असताना वडील गेले. त्यानंतर त्याच्यासाठी बापाच्या जागी उभा राहिला तो त्याचा सावत्र भाऊ लॉरेन्स. वयाने १४ वर्षांनी मोठा, इंग्लंडमध्ये शिकलेला, फौजेत कॅप्टन राहिलेला. १७४१ मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्नन याच्या हाताखाली तो कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कार्ताहेनाच्या मोहिमेत होता. ती मोहीम सपशेल फसली. स्पॅनिश तोफांपेक्षा जास्त माणसं रोगराईने मेली. पण लॉरेन्सला अ‍ॅडमिरलबद्दल इतका आदर की घरी आल्यावर त्याने आपल्या इस्टेटीला नाव दिलं माउंट व्हर्नन. चारचौघांत बसावं-बोलावं कसं, मोठ्या घरांत ओळखी कशा कराव्यात, हे जॉर्ज या भावाकडे बघूनच शिकला.

आणि नेमका हाच भाऊ खोकायला लागला.

आजार होता क्षय, म्हणजे टीबी. रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू शोधून काढला १८८२ मध्ये, त्यामुळे १७५१ मध्ये त्याला औषध असायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांकडे एकच सल्ला असायचा, हवापालट करा. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीला जातात तसं गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन झालं, इंग्लंडच्या डॉक्टरांना दाखवून झालं. गुण येईना. मग ठरलं की हिवाळा बार्बाडोसच्या उबदार हवेत काढायचा. लॉरेन्सच्या सासरकडचे नातेवाईक तिथे मोठे व्यापारी होते, त्यामुळे ओळखीचा आधारही होता. बायकोच्या पदरात लहान मुलगी होती, तिला एवढा प्रवास जमणारा नव्हता. सोबत निघाला जॉर्ज. जमीन मोजणीच्या कामात तेव्हा त्याचं चांगलं बस्तान बसत होतं, ते त्याने बाजूला ठेवलं.

सप्टेंबर १७५१ च्या शेवटी जहाज सुटलं. वादळं झेलत पाच आठवडे गेले. जॉर्ज रोजच्या रोज वाऱ्याची दिशा आणि हवामान वहीत टिपत होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बेट दिसलं.

व्हर्जिनियात मोठं म्हणावं असं शहरच नव्हतं. त्यामुळे जहाजांनी भरलेलं ब्रिजटाऊनचं बंदर बघून पोरगा हरखून गेला. बार्बाडोस म्हणजे तेव्हा ब्रिटिशांची साखरेची खाण. उसाचे मळे, साखरेचे कारखाने आणि त्यात राबणारे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. बेटावर गोऱ्यांपेक्षा त्यांचीच संख्या कितीतरी जास्त होती. जॉर्जला गुलामी नवीन नव्हती, वडिलांच्या वाटणीत त्याच्याही नावावर दहा गुलाम आले होते. त्याने वहीत टिपलं ते मळ्यांचं उत्पन्न, जमिनीचा कस, मळेवाल्यांच्या डोक्यावरचं कर्ज. इथे माणूस एकतर गडगंज आहे नाहीतर कंगाल, मधला वर्ग जवळपास नाहीच, हेही त्याच्या लक्षात आलं. किल्ले आणि तोफा तर त्याने निरखून पाहिल्या.

घर मिळालं एका किल्ल्याच्या कॅप्टनचं. भाडं महिन्याला १५ पौंड, दारू आणि धोब्याचा खर्च वेगळा. बऱ्यापैकी महागच. पण घरातून कार्लाइल उपसागर आणि त्यातली सगळी जहाजं दिसायची. हिलरी नावाच्या डॉक्टरांनी लॉरेन्सला तपासून आशा दाखवली. दोघे भाऊ खूश झाले. संध्याकाळी घोड्यावरून फेरफटका, मळेवाल्यांकडे जेवणाची आमंत्रणं. जॉर्जने पहिल्यांदाच चाखलेल्या फळांमध्ये अननस त्याला सगळ्यात आवडला. एका रात्री नाटकाचं तिकीटही मिळालं आणि तेव्हा लागलेला नाटकांचा नाद आयुष्यभर टिकला.

पण त्याआधी एक जेवण झालं होतं. पोहोचल्यावर लगेच क्लार्क नावाच्या त्याच व्यापारी नातेवाइकांकडून आमंत्रण आलं. त्यांच्या घरात तेव्हा देवीची साथ होती. जॉर्ज बिचकला, पण ज्यांच्या भरवशावर आलोय त्यांना नाही कसं म्हणायचं? भाऊ गेले. देवीची लागण झाली की ती उमटायला साधारण दोन आठवडे लागतात. बरोबर त्याच हिशोबाने १७ नोव्हेंबरला जॉर्जला जोराचा ताप भरला.

त्यानंतर त्याच्या वहीची पानं १२ डिसेंबरपर्यंत कोरी आहेत.

देवी आलेल्या दहा जणांपैकी तीन तरी दगावायचे. आपल्याकडे गावंच्या गावं या रोगाने धास्तावलेली असायची, देवी हे नावच त्या भीतीतून पडलं. जॉर्ज वाचला. नाकावर आणि चेहऱ्यावर थोडे वण राहिले.

गंमत बघा, ज्याच्यासाठी आले तो लॉरेन्स मात्र सुधारत नव्हता. सूर्य वर आला की इतकं उकडायचं की फिरायचं तर पहाटेच, बाकी दिवस घरात कोंडून काढायचा. त्याने बर्म्युडाला जाऊन बघायचं ठरवलं आणि जॉर्जला परत पाठवलं. २२ डिसेंबरला दोघांनी निरोप घेतला. बर्म्युडातही उतार पडला नाही. लॉरेन्स जेमतेम घरी पोहोचला आणि २६ जुलै १७५२ ला माउंट व्हर्ननमध्ये गेला. वय ३४.

त्याच्याकडे व्हर्जिनियाच्या स्थानिक फौजेतलं एक पद होतं. जॉर्जने त्यासाठी खटपट केली आणि विशीतच मेजर झाला. लॉरेन्सची मुलगी आणि बायकोही वारल्यावर १७६१ मध्ये माउंट व्हर्नन त्याच्या मालकीचं झालं.

आता थेट १७७५. अमेरिकन वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध बंड केलं, सेनापती झाला जॉर्ज वॉशिंग्टन. आणि त्याच सुमारास देवीची मोठी साथ पसरली.

इथे ब्रिटिशांचं पारडं जड होतं. त्यांच्याकडे देवी कायमचीच, त्यामुळे बहुतेक शिपायांना त्या लहानपणीच येऊन गेलेल्या. अमेरिकन सैनिक विरळ वस्तीच्या खेड्यांतून आलेले, त्यांच्या अंगात प्रतिकारशक्तीच नाही. क्वेबेक जिंकायला गेलेली फौज देवीने पोखरली, तिचा सेनापती जॉन थॉमस १७७६ मध्ये देवीनेच गेला. स्वतः वॉशिंग्टन मात्र आजारी छावण्यांमध्ये बिनधास्त फिरू शकत होता. ज्याला देवी एकदा आल्या त्याला त्या पुन्हा येत नाहीत.

उपाय माहीत होता, देवी काढणे. जेन्नरची लस यायला अजून वीस वर्षं होती. तेव्हाची पद्धत म्हणजे रोग्याच्या फोडातला पू निरोग्याच्या कातडीला चीर देऊन आत घालायचा. आफ्रिकेत, तुर्कस्तानात आणि भारतातही हे जुनंच होतं. रोग सौम्य यायचा, शंभरात एखाद-दोन जण दगावायचे. अडचण वेगळीच होती. देवी काढलेला शिपाई काही आठवडे झोपून राहणार आणि तेवढ्यात इतरांना रोग देणार. त्यात शत्रूला कळलं तर संपलंच. वर्षभर वॉशिंग्टन हो-नाही करत राहिला. देवी येऊन गेलेल्यांनाच धोक्याच्या जागी पाठव, रोग्यांना वेगळं ठेव, असं करत त्याने वेळ काढला.

शेवटी फेब्रुवारी १७७७ मध्ये त्याने डॉ. विल्यम शिपेन यांना हुकूम दिला की फिलाडेल्फियात येणाऱ्या प्रत्येक नव्या सैनिकाच्या देवी काढा. मॉरिसटाऊनच्या छावणीतही हेच सुरू झालं. तुकड्या पाळीपाळीने आत घ्यायच्या, बरं झाल्याशिवाय बाहेर सोडायच्या नाहीत आणि बाहेर चकार शब्द काढायचा नाही. एवढ्या मोठ्या फौजेच्या हुकमाने देवी काढण्याचा असा प्रकार आधी झाला नव्हता. त्यानंतर देवीने त्याची मोहीम पुन्हा कधी क्वेबेकसारखी मोडली नाही.

वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारला. बार्बाडोसला तो परत कधी गेला नाही. ब्रिजटाऊनमधलं ते घर आज म्युझियम आहे. तो सगळा गॅरिसनचा परिसर २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि बीचवर जाता जाता पर्यटक तिथेही डोकावतात.