सर रोनाल्ड रॉस

डास चावला की ताप येतो, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु प्रत्येक डास प्रत्येक रोगाचा वाहक नसतो. हे सत्य ज्यांना दीर्घ अपयशानंतर गवसले, त्या सर रोनाल्ड रॉस यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. त्यांचा ओढा काव्य व संगीत यांकडे होता. तथापि वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते लंडन येथे वैद्यक शिकले व १८८१ साली हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत दाखल झाले. हिवतापाचा जंतू डासात वाढत असावा, हा तर्क डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना १८९४ साली सांगितला. पुढे दोन वर्षे रॉस डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले, पण हाती काही लागले नाही. कारण ते डास भलत्याच जातींचे होते. त्यांच्या पोटात तो जंतू रुजतच नसे.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस त्यांना पंखांवर ठिपके असलेले डास मिळाले. आमच्या जनवाड्याप्रमाणेच ते गावही तेव्हा निजामाच्या संस्थानाच्या हद्दीत होते. हुसेनखान नावाच्या रुग्णाने डासागणिक एक आणा घेऊन ते अंगावर चावू दिले. २० ऑगस्ट रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाचा जंतू दिसला. १८९८ साली कलकत्त्यास, पक्ष्यांच्या हिवतापाचा जंतू डासाच्या लाळेत उतरतो, हेही त्यांनी दाखविले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी ते लंडन येथे निवर्तले.

डेंग्यू हा विषाणूंचा रोग. त्याचा वाहक एडिस जातीचा डास. तेथेही असाच क्रम आढळतो. विषाणूने जठराची भिंत ओलांडून लाळग्रंथी गाठली पाहिजे. त्यास काही दिवस लागतात, उष्ण हवेत कमी. आणि तोवर डास जगला पाहिजे. यांपैकी एक जरी गोष्ट चुकली, तरी त्या डासाकडून रोग पुढे जात नाही.

ही साखळी तोडणे आपल्याही हाती आहे. घरातील रांजण व हौद आठवड्यातून एकदा कोरडे करून घासले, तर त्यांतील अळ्यांचे डासच होणार नाहीत. रॉस यांच्या परिश्रमांचे स्मरण आपण अशा कृतीनेच ठेवू या.