आचार्य धर्मानंद कोसंबी : हार्वर्डचे निमंत्रित पंडित
गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धधम्माच्या ओढीने घर सोडून सिंहलद्वीपी गेले आणि तेथे पाली शिकले. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना पाचारण केले. दिवंगत वॉरन यांचे अपुरे कार्य त्यांनी हाती घेतले; परंतु श्रेयाविषयी प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाल्याने १९१२ साली ते स्वदेशी परतले व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पुढे पुन्हा हार्वर्डला जाऊन त्यांनी ते कार्य तडीस नेले. १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यावर वॉरन यांच्यासह कोसंबींचेही नाव आहे. विद्वानास सन्मानाने बोलावणे हे विद्यापीठाचे भूषण. त्याच्या श्रमाचे ऋण मान्य करणे, हा त्याचा खरा सत्कार.