चाळीस विरुद्ध एकोणचाळीस : महापौर जॉन आर्चर

महापालिकेच्या निवडणुका लागल्या की आपल्या वस्त्यांत पहिली चर्चा होते ती सोडतीची. कोणता वॉर्ड राखीव, महापौरपद कोणाच्या वाट्याला, आपल्यातला कोण उभा राहणार. निवडून गेलेला सभागृहात काय करणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. म्हणून आज लंडनच्या एका नगरसेवकाची ओळख करून देतो. त्याच्यासाठी ना वॉर्ड राखीव होता, ना खुर्ची.

जॉन रिचर्ड आर्चर यांचा जन्म ८ जून १८६३ रोजी लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. वडील बार्बाडोस बेटावरचे, जिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना पिढ्यान् पिढ्या उसाच्या मळ्यात राबवले गेले. आई आयरिश. आर्चर तरुणपणी खलाशी झाले, जग फिरले, अमेरिका-कॅनडात राहिले आणि १८९० च्या दशकात कॅनडाच्या कृष्णवर्णीय पत्नी बर्था यांच्यासह लंडनच्या बॅटरसी भागात स्थायिक झाले. तिथे त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला.

त्या काळी लंडन अठ्ठावीस बरोंमध्ये विभागलेले होते. प्रत्येक बरोची कौन्सिल वेगळी आणि महापौरही वेगळा. महापौर थेट लोकांतून नव्हे, तर कौन्सिलच्या सभासदांच्या मतांनी निवडला जाई, आपल्या महापालिकांत आजही निवडला जातो तसाच. बॅटरसी ही कामगारांची वस्ती. तिथल्या कौन्सिलने ठेकेदाराला दूर ठेवून स्वतःचे मजूर लावले आणि लॅचमीयर येथे कामगारांसाठी घरे बांधली. ही वसाहत १९०३ साली खुली झाली. याच लॅचमीयर वॉर्डातून आर्चर १९०६ साली निवडून आले.

निवडून आल्यावर त्यांनी काय केले? कौन्सिलच्या कामगारांना आठवड्याला किमान ३२ शिलिंग मजुरी मिळाली पाहिजे, यासाठी ते झगडले आणि ती मागणी मान्य करून घेतली. १९०९ साली ते हरले, १९१२ साली पुन्हा निवडून आले.

१० नोव्हेंबर १९१३ रोजी महापौरपदासाठी मतदान झाले. निवडणुकीच्या आधीच काही वृत्तपत्रांनी आर्चर यांचा रंग चर्चेला घेतला होता. कोणी त्यांचा जन्म थेट रंगूनला नेऊन ठेवला. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला परका ठरवण्याचा हा खटाटोप आपल्याला नवा नाही. अखेर ४० विरुद्ध ३९ मतांनी, म्हणजे अवघ्या एका मताने, आर्चर निवडून आले. निवडीनंतरच्या भाषणात त्यांनी आपला जन्म लिव्हरपूलचा असल्याचे टोला लगावत सांगितले. आपल्या निवडीची बातमी जगभरातल्या काळ्या माणसांपर्यंत पोचेल, असेही ते म्हणाले. आर्चर यांना इंग्लंडचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हटले जाते, ते बरोबर नाही. थेटफर्ड या छोट्या गावात डॉ. ॲलन मिन्स १९०४ सालीच महापौर झाले होते. लंडनमध्ये मात्र आर्चरच पहिले. बाबासाहेब त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते.

वकील म्हणून इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २४३-टी अनुसूचित जातींना महापालिकेत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देते. अध्यक्षपदाच्या आरक्षणाची रीत ते राज्याच्या कायद्यावर सोपवते. हा हक्क बाबासाहेबांच्या लढ्याचे फळ आहे आणि त्यावर तडजोड नाही. पण मुंबई महापालिकेतील २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. हे कामगार बहुतेक आपलेच. जो प्रश्न सभागृहात बहुमताने सुटायला हवा होता, त्यासाठी झाडूवाल्याला दिल्लीपर्यंत जावे लागले. तेव्हा राखीव वॉर्डातले आपले नगरसेवक कोणत्या पक्षाच्या व्हिपखाली हात वर करत होते?

महापौरपद वर्षभराचे होते. पुढे १९१८ साली आर्चर आफ्रिकन प्रोग्रेस युनियनचे अध्यक्ष झाले. १९१९ साली पॅरिसला डू बॉइस यांनी भरवलेल्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसला ते गेले. अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य दाखवून बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, ते याच डू बॉइस यांना.

१९२२ साली आर्चर यांनी कौन्सिलची जागा सोडली आणि लेबर पक्षाचे निवडणूक एजंट म्हणून काम हाती घेतले. त्यांचे उमेदवार होते मुंबईत जन्मलेले पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे आणि विचाराने कम्युनिस्ट असलेले शापुरजी सकलातवाला. एका काळ्या संघटकाने एका हिंदी माणसाला उत्तर बॅटरसीतून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पाठवले. सकलातवाला १९२३ साली पडले, १९२४ साली पुन्हा जिंकले. त्यानंतर लेबर पक्षाने कम्युनिस्टांना दरवाजे बंद केले. १९२९ साली आर्चर त्याच सकलातवालांच्या विरोधात लेबरच्या अधिकृत उमेदवाराचे एजंट होते आणि सकलातवाला हरले. आपल्या गटबाजीने पोळलेल्या वाचकाला हे टोचेल. मी याला गद्दारी म्हणणार नाही. ज्या संघटनेच्या बळावर कौन्सिलमध्ये कामगारांसाठी काही करता येत होते, ती त्यांनी सोडली नाही, असे मला वाटते.

आर्चर पुन्हा कौन्सिलवर निवडून आले. १४ जुलै १९३२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते बॅटरसी कौन्सिलचे उपनेते होते.