शब्दांशी खेळणारा कवी : मोरोपंत

गेल्या तान्ह्या पोळ्याला दवनीवाड्याच्या आमच्या घरी सारे नातेवाईक जमले होते. जेवणे झाल्यावर मी भेंड्या सुचवल्या. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे माझा शब्द कोणी मोडला नाही. मी एकामागून एक कविता म्हणत सुटले. थोड्या वेळाने पाहते तो आजी भिंतीला टेकून गप्प बसलेली आणि माय भांडी आवरायला उठलेली. मी जिंकले, पण मन खट्टू झाले. माझ्या शिक्षणाने माझ्याच माणसांना खेळाबाहेर काढले होते.

पुढे मराठीच्या तासाला मोरोपंतांची ओळख झाली आणि या दुखण्यावर उपाय सापडला. म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. तेथेच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. तरुणपणी ते बारामतीस आले. तेथील सावकार बाबूजी नाईक हे पेशव्यांचे नातलग. त्यांच्या आश्रयाने पंत पुराण सांगू लागले व अखेरपर्यंत बारामतीतच राहिले. १७६१ चे पानिपत, पेशवाईतील उलथापालथी हे सारे त्यांच्या हयातीत घडले. पंतांची लेखणी मात्र थांबली नाही. संपूर्ण महाभारत त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणले. 'कृष्णविजय' लिहिले, 'केकावली'त देवाला आर्त साद घातली. कीर्तनकारांनी त्यांच्या आर्या गावोगाव नेल्या. १७९४ साली बारामतीस त्यांचे निधन झाले.

पंतांनी एकशे आठ रामायणे रचली असे मानले जाते. कथा एकच, मग इतक्यांदा कशाला? कारण प्रत्येक वेळी ते स्वतःला नवी अट घालून घेत. 'दामरामायणा'त एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी येतात. ही आपल्या भेंड्यांचीच थोरली बहीण! 'निरोष्ठ रामायणा'त तर ओठाला ओठ लागेल असे प, फ, ब, भ, म हे वर्णच वर्ज्य. म्हणजे रामायण लिहायचे आणि 'राम' हा शब्द उच्चारायचा नाही! मोरोपंत, पन्हाळा, बारामती यांतले एकही नाव त्यात बसणार नाही.

दिवाळीला मी हीच अट घरी सांगितली. बोलायचे, पण ओठ मिटले की बाद. अजून शाळेत न जाणारा माझा चुलतभाऊ पंच झाला, कारण ओठ पाहायला अक्षरओळख लागत नाही. बाबा, मामा, भाऊ हाक मारताच बाद होऊ लागले. मायला 'माय' म्हणायची सोय नाही, 'आजी' मात्र चालते! आजी आपल्या पोवारीतच बोलली. धान, नांगर, रोवणी, वैनगंगा, काकडी असे शब्द ती सावकाश शोधून काढी. एकही ओठाला लागत नव्हता. आमचे दवनीवाडाही या कसोटीला उतरले. मी घाईत तीनदा बाद झाले. आजी जिंकली, आणि माय त्या रात्री भांड्यांकडे फिरकली नाही.

पंत कठीण आहेत, असे आमच्या वर्गात सगळे म्हणतात. त्यांच्या संस्कृतप्रचुर आर्या वाचताना मलाही शब्दकोश लागतो. तरीही इतका मोठा पंडित भाषेशी लहान मुलासारखा खेळला, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांचे काव्य आजीला वाचता येणार नाही, पण त्यांचा खेळ तिने एका संध्याकाळी आपलासा केला. वाचकहो, आपणही घरी सर्वांना घेऊन तो खेळून पाहावा. आमच्याकडे पुढच्या तान्ह्या पोळ्याला भेंड्या नाहीत, असे आजीने आताच बजावून ठेवले आहे.