रुस्तम जाल वकील

रुस्तम जाल वकील (१७ जुलै १९११ – २० नोव्हेंबर १९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ होते. उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचा उपयोग त्यांनी जागतिक वैद्यकापुढे मांडला. याच वनस्पतीतील रेसर्पिन या द्रव्यामुळे पुढे कंपवातासारख्या विकारांमागील मेंदूतील रासायनिक बिघाड समजण्यास मोठी मदत झाली.

जीवन व संशोधन

वकील यांचा जन्म मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले व परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. सर्पगंधेचे मूळ भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होते. वकील यांनी त्याच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रेसर्पिन वेगळे केले.

हालचालींच्या विकारांशी संबंध

वकील यांचे संशोधन मेंदूविकारांविषयी नव्हते. मात्र १९५०च्या दशकात मनोरुग्णांना रेसर्पिन मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले, तेव्हा काहींचे हातपाय थरथरू लागले, स्नायू ताठरले आणि हालचाली मंदावल्या. ही लक्षणे कंपवाताशी मिळतीजुळती होती व औषध थांबवल्यावर ओसरत. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनमुळे निश्चल झालेल्या प्राण्यांना लेव्होडोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिकामा करते, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची कमतरता आढळली आणि लेव्होडोपाच्या उपचाराचा मार्ग खुला झाला.

याउलट, हंटिंग्टन रोगात अंगाच्या अनावर हालचाली होतात. तेथे डोपामिनचा साठा घटवणे उपयुक्त ठरते. टेट्राबेनाझिन हे औषध याच तत्त्वावर काम करते. रेसर्पिनचा वापर मात्र नैराश्यासारख्या दुष्परिणामांमुळे व नवी औषधे आल्यामुळे मागे पडला.

सन्मान

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार, १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.