गगनचुंबी इमारतींचे अभियंते : फजलुर रहमान खान



मुलांना उंच इमारतीचं चित्र दाखवा. पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती मजले आहेत? ती जमिनीखाली किती खोल गेली आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज ज्यांची ओळख करून देत आहे, त्यांनी शंभर मजल्यांच्या वर इमारती नेल्या. पण त्यांच्या कामातला एक फार कसोटीचा काळ आला तो जमिनीखालच्या काँक्रीटमुळे. आठवी-नववीच्या मुलांना सांगण्यासारखं हे चरित्र आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते फारसं येत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फजलुर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात झाला. तेव्हा ढाका अखंड बंगालात होतं. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक. त्यांनी गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिली, पुढे शिक्षण खात्यात मोठ्या पदावर गेले आणि निवृत्तीनंतर ढाक्याच्या जगन्नाथ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे घरात फळा-खडू होताच असं समजा. मुलगा ढाक्याच्या आर्मानीटोला शाळेत शिकला आणि स्थापत्य अभियांत्रिकीसाठी कलकत्त्याजवळच्या शिबपूर कॉलेजात गेला.

इथे इतिहास आडवा आला. १९४७ला फाळणी झाली, १९५०मध्ये दोन्ही बंगालांत दंगली उसळल्या आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना ढाक्याला परतावं लागलं. उरलेलं शिक्षण त्यांनी तिथल्या अहसानुल्ला अभियांत्रिकी महाविद्यालयात पूर्ण केलं आणि वर्गात पहिले आले. काही काळ तिथेच शिकवलंही. १९५२मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि वर पीएच.डी.! १९५५मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना कंपनीत नोकरी लागली. मध्ये दोन-तीन वर्षं ते पाकिस्तानात परतले होते, पण १९६०मध्ये पुन्हा शिकागोला आले आणि तिथलेच झाले.

आता शिकागोची जमीन समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

मुंबईत बऱ्याच ठिकाणी खणलं की काळा कातळ लागतो. शिकागो मिशिगन सरोवराच्या काठावर आहे आणि शहराच्या खाली मऊ, ओली, निळसर चिकणमाती आहे. पक्का खडक लागायला तीस मीटर किंवा त्याहूनही खोल जावं लागतं. १८८०च्या दशकात तिथले वास्तुकार जॉन रूट यांनी त्यावर एक तोड काढली होती. रेल्वेचे रूळ एकावर एक आडवे-उभे रचायचे, त्यांत काँक्रीट भरायचं आणि त्या जाडजूड चटईवर इमारत उभी करायची. चिखलात पाय रुतू नये म्हणून आपण फळी टाकतो ना, तसंच. दहा-बारा मजल्यांना ते चाललं, पण चिकणमाती हळूहळू दबतच राहते. १८८९मध्ये पूर्ण झालेली तिथली ऑडिटोरियम इमारत काही भागांत दोन फुटांहून जास्त खचली आहे. ती आजही उभी आहे, पण आतल्या जमिनीचा उतार पायाला जाणवतो. मग १८९०च्या दशकात विहिरीसारखे खोल खड्डे खणून, त्यांत काँक्रीट भरून, भार थेट खालच्या कठीण थरावर टेकवायची पद्धत आली. हीच शिकागोची कैसन पद्धत. सुरुवातीला हे खड्डे माणसं हाताने खणत. खानांच्या काळात ते काम मोठ्या गिरमिटासारखी यंत्रं करू लागली होती.

खानांचं मुख्य काम जमिनीच्या वरचं. तेही थोडक्यात सांगतो. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचं स्वतःचं वजन नसून वारा आहे. मजले वाढतात तसा वाऱ्याचा जोर झपाट्याने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला पोलाद ओतत जावं लागतं. एका उंचीनंतर खर्च परवडेनासा होतो. जुन्या पद्धतीत इमारतीच्या पोटात सगळीकडे खांबांची जाळी असायची. खानांनी म्हटलं तर साधी गोष्ट केली. खांब बाहेरच्या कडेला जवळजवळ आणले आणि तुळयांनी घट्ट बांधले. इमारत एका पोकळ नळीसारखी झाली. बांबू पाहा : आतून पोकळ असतो, वाऱ्यात वाकतो, पण मोडत नाही. शिकागोच्या डिविट-चेस्टनट या ४३ मजली इमारतीत ही नळी त्यांनी काँक्रीटमध्ये वापरली. बरोबरच ते इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवत असत. तिथे एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात इमारतीच्या अंगावर तिरक्या फुल्या घालण्याची कल्पना तपासली गेली आणि तिचंच मोठं रूप पुढे खऱ्या इमारतीत उतरलं. नोकरी सांभाळून शिकवणाऱ्या माणसाला वर्गातून काय मिळू शकतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ती इमारत म्हणजे जॉन हॅनकॉक सेंटर. १०० मजले, ३४४ मीटर उंची, वर निमुळती होत जाणारी आणि चारही बाजूंना प्रचंड फुल्या. वास्तुकार ब्रूस ग्रॅहम, अभियंते खान. एम्पायर स्टेट इमारतीत दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागलं होतं. इथे सुमारे १४५ किलोंत काम झालं. कागदावरचं गणित चोख होतं.

पण खाली? बांधकाम सुरू झालं, सांगाडा वर चढू लागला आणि मोजणीत आढळलं की एका खांबाखालचा पाया नको तेवढा खाली सरकला आहे. सरकणं इंचाच्या हिशोबातलं होतं. आपल्याला वाटेल, एवढ्या मोठ्या इमारतीत एक इंच म्हणजे काय! पण इमारतीचा थोडाच भार आला असताना पाया एवढा खचत असेल, तर शंभर मजले चढल्यावर काय होईल? काम थांबवलं गेलं. काँक्रीटच्या त्या खांबात वरून भोक पाडत गेल्यावर आत चक्क पोकळी आणि माती सापडली.

हे कसं झालं ते नीट पाहू या, कारण वर्गात समजावण्यासारखा भाग हाच आहे. मऊ मातीत खोल खड्डा खणला की त्याच्या भिंती ढासळतात. म्हणून आत पोलादी नळकांडं घालतात, त्यात काँक्रीट ओततात आणि ओतता ओतता नळकांडं वर ओढून काढतात. ते पुढच्या खड्ड्याला वापरता येतं. यात सगळी मेख वेळेची आहे. काँक्रीट पातळ असेल तर ते खाली सरकून नळकांड्याने सोडलेली जागा भरतं. ते आवळायला लागलं असेल तर नळकांड्याला चिकटून त्याच्याबरोबर वर उचललं जातं. खाली फट पडते आणि बाजूची ओली माती तिथे घुसते. मग नळकांडं निघून जातं, वरचा पृष्ठभाग सपाट, छान दिसतो आणि आत काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. साच्यातून कुल्फी काढताना अर्धी मध्येच तुटून आत राहते, ते आठवा. फरक इतकाच, की इथे साचा जमिनीत कित्येक मीटर खोल आहे.

(प्रयोग करायचा असेल तर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा ओल्या मातीत खोचा. नळीतली माती काढून टाका, आत घट्ट भिजवलेलं प्लॅस्टर भरा, थोडं आवळू द्या आणि नळी वर ओढा. दुसऱ्या दिवशी माती फोडून पाहा. पातळ प्लॅस्टर घेऊन पुन्हा करा. मुलांना फरक लगेच कळतो.)

एका खांबात दोष निघाला म्हटल्यावर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न टळणारा नव्हता. सगळे कैसन तपासले गेले. त्यांत भोकं पाडून नमुने काढले, ध्वनिलहरींनीही चाचण्या केल्या आणि जिथे दोष होता तिथे दुरुस्ती केली. यात कित्येक महिने गेले. मूळ विकासक आर्थिक अडचणीत सापडला आणि प्रकल्प विमा कंपनीकडे गेला. दोष रचनेच्या गणितात नव्हता, काँक्रीट ओतण्यात होता. पण पाया खचत असताना वरच्या फुल्यांचं कौतुक कोण करणार? माझ्या मते या इमारतीची गोष्ट सांगताना तिच्या फुल्यांइतकंच या तपासणीला महत्त्व दिलं पाहिजे. एका इंचाकडे दुर्लक्ष न करता काम थांबवलं गेलं, म्हणून ती इमारत आज पन्नासहून जास्त वर्षं सरोवराच्या वाऱ्यात उभी आहे.

याच इमारतीच्या वेळचा एक गमतीदार प्रसंग सांगायला हवा. उंच इमारत वाऱ्याने किंचित हलते. किती हललं तर आत राहणाऱ्या माणसाला ते जाणवेल? याचे आकडे नीट उपलब्ध नव्हते. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात कपडे धुण्याच्या यंत्राचं एक प्रदर्शन होतं आणि त्यात माणसं उभी राहू शकतील असा फिरता मंच होता. खानांनी त्यावर माणसांना उभं केलं, बसवलं, झोपवलं आणि केव्हा जाणवतं ते नोंदवून घेतलं. प्रयोगशाळा नाही म्हणून अडून बसले नाहीत.

ह्यूस्टन शहरात परिस्थिती आणखी वेगळी होती. तिथे चिकणमाती आणि वाळूचे थर इतके खोल आहेत की खडकापर्यंत जायचा विचारच करता येत नाही. वन शेल प्लाझा या इमारतीसाठी सुमारे १८ मीटर खोल खणलं गेलं आणि तळाशी अडीच मीटर जाडीचा काँक्रीटचा सलग थर टाकला गेला. यालाच राफ्ट म्हणतात. युक्ती अशी : काढून टाकलेल्या मातीचंही वजन असतंच. तेवढं वजन जमीन आधीपासून पेलत होती. त्या जागी इमारतीचं वजन आलं तर जमिनीला फारसा फरक पडत नाही. थोडक्यात, इमारत मातीत होडीसारखी तरंगते. पण होडीत किती माणसं बसवायची याला मर्यादा असते. नेहमीच्या काँक्रीटने ३५च्या आसपास मजलेच परवडणार होते. खानांनी हलकं काँक्रीट घेतलं. त्यात दगडी खडीऐवजी भाजून फुगवलेल्या मातीसारखी सच्छिद्र, हलकी खडी असते. साध्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २४०० किलोंचा असतो. हा त्याहून बराच हलका. त्यामुळे त्याच जमिनीवर ५० मजले बसले. १९७१मध्ये ही इमारत पूर्ण झाली.

आता अडीच मीटर जाडीचं काँक्रीट ओतणं म्हणजे घराचा स्लॅब टाकण्याचीच मोठी आवृत्ती, असं समजू नका. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की उष्णता निर्माण होते. पाच इंची स्लॅबमधून ती लगेच निघून जाते, म्हणून आपल्याला कळत नाही. जाड थराच्या पोटात मात्र ती कोंडते. आतला भाग तापून फुगतो, बाहेरचा थंड होऊन आकसतो आणि या ओढाताणीत काँक्रीटला तडे जातात. आतल्या-बाहेरच्या तापमानात साधारण २० अंशांहून जास्त फरक पडू नये, असा ढोबळ दंडक आहे. म्हणून सिमेंटचा काही भाग कमी करून राख किंवा झोतभट्टीची मळी मिसळतात, पाण्याऐवजी बर्फ घालतात, रात्री काम करतात. कधी कधी तर वरून गोधडी घातल्यासारखं झाकून ठेवतात. हे मुलांना पटत नाही. थंड करायचंय तर झाकायचं कशाला? बाहेरचा भाग आतल्यापेक्षा फार लवकर थंड होऊ नये म्हणून! शिवाय एकदा ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. आधीचा थर आवळला आणि त्यावर नवा पडला, तर दोहोंमध्ये कच्चा सांधा राहतो. म्हणूनच मोठ्या पायासाठी मिक्सर गाड्यांची रांग रात्रंदिवस लागलेली दिसते.

१९७३मध्ये शिकागोच्या सिअर्स टॉवरची उभारणी सर्वोच्च उंचीपर्यंत पोहोचली. ११० मजले, ४४२ मीटर. पुढची सुमारे पाव शतक जगातली सर्वांत उंच इमारत तीच होती. तिची रचना समजवायला नऊ खडू घ्या, तीनाच्या तीन ओळी करा आणि रबर लावा. एकटा खडू पटकन मोडतो, गठ्ठा मोडत नाही. सिअर्स टॉवर म्हणजे अशा नऊ चौकोनी नळ्यांचा गठ्ठा. ५०व्या मजल्यावर दोन नळ्या थांबतात, ६६व्यावर आणखी दोन, ९०व्यावर आणखी तीन. टोकापर्यंत दोनच जातात. आणि खाली, खडकात रोवलेले काँक्रीटचे ११४ खांब.

कामाच्या या ऐन भरात १९७१ साल आलं. पूर्व पाकिस्तानात नरसंहार सुरू झाला. खान तोवर अमेरिकेचे नागरिक झाले होते, नाव झालं होतं, स्वस्थ बसले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्यांनी शिकागोत बंगाली मंडळींना एकत्र आणलं, मदतनिधीसाठी आणि अमेरिकी सरकारचं मत वळवण्यासाठी संस्था उभ्या केल्या, वॉशिंग्टनपर्यंत धडक मारली. रवींद्रसंगीत त्यांना अतिशय प्रिय होतं. ढाका सोडून वीस वर्षं होत आली, तरी घरातली भाषा सुटली नव्हती.

शेवटचं मोठं काम सौदी अरेबियातल्या जेद्दा विमानतळाचं हज टर्मिनल. लाखो यात्रेकरूंना उन्हापासून सावली देणारं, तंबूंसारखं पांढऱ्या कापडाचं छत. आयुष्यभर पोलाद आणि काँक्रीट हाताळलेल्या माणसाने कापडाची इमारत केली, हे मला फार आवडतं. ते टर्मिनल १९८१मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ रोजी, जेद्दातच खान यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचं निधन झालं. वय फक्त ५२.

त्यांच्या नळीच्या कल्पनेची पुढची रूपं आज जगभर दिसतात. दुबईची बुर्ज खलिफा त्यांच्याच कंपनीने रचली. तिच्या खाली ३.७ मीटर जाडीचा राफ्ट आहे आणि त्याखाली दीड मीटर व्यासाचे १९०हून जास्त पाइल.

बांगलादेशाने १९९९मध्ये त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. शिकागोत सिअर्स टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या चौकाला त्यांचं नाव आहे. त्यांना शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत पुरलं. रूळांची चटई अंथरून शिकागोच्या चिखलावर इमारती उभ्या करणारे जॉन रूटही त्याच दफनभूमीत आहेत.