महाराष्ट्रात तीन हजार वर्षांपूर्वी लोक कसे जगायचे, हे शोधणारे सांकलिया सर

घरात चूल पेटलेली आहे, माणसं जेवतायत, झोपतायत. आणि त्याच घराच्या जमिनीखाली त्यांचं गेलेलं लहान मूल पुरलेलं आहे. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत ते मूल.

ही गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. ते कोणती भाषा बोलायचे, आपल्या गावाला काय म्हणायचे, कुणालाच माहीत नाही. तरीही ते काय पिकवायचे, घरं कशी बांधायचे, मेलेल्यांना निरोप कसा द्यायचे हे आज आपल्याला ठाऊक आहे. याचं मोठं श्रेय जातं हसमुख धीरजलाल सांकलिया यांना.

सांकलियांचा जन्म 10 डिसेंबर 1908 चा, मुंबईतल्या गुजराती कुटुंबातला. मूल इतकं अशक्त होतं की ते जगेल याचीच घरच्यांना खात्री नव्हती. ते जगलं, आणि पुढे उन्हातान्हात नद्यांचे काठ तुडवत फिरलं. शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूळ वसतिस्थानाबद्दलच्या पुस्तकाचा गुजराती अनुवाद पडला आणि प्राचीन काळाचं वेड लागलं. मुंबईत फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. मग लंडनला जाऊन गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएचडी केली. तिकडे असतानाच मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात प्रत्यक्ष खोदकामाचे धडे घेतले.

1939 मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि सांकलिया तिथे प्राध्यापक झाले. खरं तर नालंदा, शिलालेख, मंदिरं यावर त्यांचं आयुष्य आरामात गेलं असतं. पण 1941 पासून ते गुजरातमध्ये अश्मयुगाच्या मागावर निघाले.

मेहसाणा भागातल्या लांघणजला वाळूच्या टेकाडांत त्यांना बोटाच्या पेराएवढी दगडी पाती सापडली. नंतर माणसांचे सांगाडेही मिळाले, गुडघे पोटाशी घेऊन पुरलेले. या मोहिमेत इरावती कर्वेही होत्या. तिथेच गेंड्याच्या खांद्याचं एक हाड मिळालं, त्यावर खड्डे पडलेले. त्या लोकांनी ते ऐरणीसारखं वापरून त्यावर दगडी पाती घडवली होती. आता गंमत बघा. गेंड्याला पाणथळ जागा आणि उंच गवत लागतं, आणि आजचा हा भाग कोरडा आहे. म्हणजे एका हाडावरून कारागिरी कळली, शिकार कळली आणि त्या काळच्या हवामानाचा अंदाजही आला.

मग महाराष्ट्राची पाळी आली. तोवर आपल्याकडचा इतिहास साधारण मौर्य-सातवाहनांपासून सुरू व्हायचा. 1950-51 मध्ये संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे इथे उत्खनन झालं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची, तोटी असलेली लालसर भांडी मिळाली. तशीच भांडी पुढे गावोगावी सापडत गेली. महाराष्ट्रातल्या या पहिल्या शेतकऱ्यांच्या मोठ्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळालं ते या छोट्याशा गावावरून.

1954 पासून नेवाशाला काम सुरू झालं. ज्ञानेश्वरीमुळे नेवासं आपल्याला साडेसातशे वर्षं मागे नेतं. सांकलिया त्याच प्रवरेच्या काठावर लाखभर वर्षांच्या गप्पा करत होते. नदीच्या कापलेल्या काठात गोटे-वाळूचे थर दिसतात. वरचे थर नंतरचे, खालचे आधीचे, एवढं साधं तत्त्व. खालच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी होत्या. वरच्या थरात मात्र वेगळ्या दगडाची, लहान, तासण्या-खरवडण्याची हत्यारं होती. हातकुऱ्हाडी आणि ती बारीक पाती यांच्या मधला टप्पा भारतात नीट ओळखला गेला तो इथे. त्याला नेवाशाचं नावही मिळालं.

नेवाशाच्या पांढरीत सापडलेली एक वस्तू मला या सगळ्यात मोठी वाटते. एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांच्या आत धागा उरला होता. एरवी धागा मातीत कुजून जातो, पण तांब्याच्या गंजाने तो टिकवला. तपासल्यावर त्यात रेशीम आणि कापूस निघाला. गावात कापडाचा तुकडा शिल्लक नाही, पण सूत होतं हे एका लेकराच्या माळेने सांगितलं.

सांकलियांची पद्धत अशी की खापरं-हाडं-दाणे काहीच टाकायचं नाही. जळालेले दाणे वनस्पतितज्ज्ञाकडे, जनावरांची हाडं प्राणितज्ज्ञाकडे, कोळसा कार्बनच्या चाचणीला. आज हे सरळ वाटतं. पण ज्या काळात उत्खनन म्हणजे मूर्ती, नाणी आणि भिंती, तेव्हा दाण्यांसाठी माती चाळायला वेगळंच डोकं लागतं.

याचा कळस म्हणजे इनामगाव. 1968 पासून पुढची जवळजवळ पंधरा वर्षं सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वात घोडनदीकाठचं हे गाव उलगडत गेलं. मुख्य पीक बार्ली, म्हणजे जव. जोडीला मसूरसारखी कडधान्यं. गुरं पाळायची, हरणं मारायची. शेताला पाणी देण्यासाठी पाट काढलेला. सुरुवातीची घरं ऐसपैस चौकोनी, पण इ.स.पू. 1000 नंतर लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊस घटला आणि शेती बसली, असा ढवळीकरांचा तर्क होता. सगळ्या अभ्यासकांना तो मान्य नाही, पण गाव गरीब होत गेलं हे जमिनीवर दिसतं.

दोनशेहून जास्त दफनं इथे मिळाली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. त्या काळात किती मुलं हाती लागत नसतील, याचा अंदाज एवढ्यावरून येतो. मोठी माणसं उताणी पुरलेली, आणि घोट्याखालची पावलं तोडलेली. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून असावं, असं अभ्यासक मानतात.

सांकलियांनी सगळ्यांना आवडेल असंच लिहिलं, असंही नाही. रामायणातली लंका म्हणजे श्रीलंका नव्हे, ती मध्य भारतातच असावी, हे त्यांचं मत तेव्हाही अनेकांना पटलं नव्हतं. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 28 जानेवारी 1989 ला पुण्यात ते गेले.

इनामगावात पाच खोल्यांचं एक घर निघालं, बाकीच्यांपेक्षा मोठं. त्याच्या अंगणात चार पायांचा एक मातीचा रांजण होता आणि आत चाळिशीचा पुरुष मांडी घालून बसवलेला. तो गावाचा प्रमुख असावा. त्याची पावलं मात्र कुणी तोडलेली नव्हती.